आधी हात काखेत

घोड्याच्या पायात दुखणं शिरलं की ते आधी ऊब होऊन येतं. सूज नंतर, लंगडणं त्याच्याही नंतर, आणि मालकाच्या लक्षात येतं सगळ्यात शेवटी. ही ऊब उलट्या हाताने कळते. तळव्याने नाही, कारण मोतद्दाराचा तळवा खरारा आणि फावडं धरून इतका निबर झालेला असतो की त्याला दगड आणि रेशीम सारखंच.

जिची ही गोष्ट, ती बाई सव्वीस घोड्यांच्या एका पागेत अठरा वर्षं मोतद्दार. रोज सकाळी एकशे चार पाय. गुडघ्यापासून खुरापर्यंत उलटा हात एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि मग पुढचं ठाण. ज्यांना घोडा म्हणजे त्याच्यावर बसलेला माणूस एवढंच दिसतं, त्यांच्यासाठी सांगून ठेवलेलं बरं: स्वार घोड्यावर असतो दिवसातून एक तास. उरलेले तेवीस तास घोडा मोतद्दाराचा. फोटो मात्र त्या एका तासाचाच निघतो.

त्या वर्षी पागेच्या म्हाताऱ्या मुख्याचे गुडघे गेले आणि तो घरी बसला. त्याची जागा रिकामी झाली. हक्काने ती हिची होती, पण हक्काने मिळालेली जागा मी तरी अजून पाहिलेली नाही. मालकीणबाईंचा पुतण्या नुकताच दोन वर्षांचा कोर्स करून आला होता. कपाळावर आठ्या नाहीत, बुटांवर शेण नाही, आणि खिशात तापमान मोजायचं एक पिस्तूल. ते लांबूनच रोखायचं, आकडा दिसायचा. घोड्याला हात लावायचं कामच नाही.

मालकीणबाई तशा सरळ. त्यांनी हिला ऑफिसात बोलावून समोरासमोर सांगितलं. तीन आठवड्यांचा मोठा शो येतोय. सासूबाई चार पायांवर जाईल, शेवटच्या रविवारी मैदानात उतरेल आणि चार पायांवर परत येईल. एवढं केलंस तर पागा तुझी. नाही झालं तर पुतण्या आहेच.

सासूबाई म्हणजे घोडी. कागदावर तिचं दोन ओळींचं भारदस्त नाव होतं, ते फक्त लाउडस्पीकरवाला वाचायचा. पागेत ती सासूबाईच. चंदी पुढे ठेवली की आधी नाक मुरडणार, गवत बदललं तर लाथ, पाणी बदललं तर उपोषण. पण उडी अशी की अडथळ्याचा वरचा दांडा तिला बघून स्वतःच खाली वाकतो की काय असं वाटावं.

घरी जाऊन हिने नवऱ्याला सांगितलं, “पागा आपली झाली.”

नवरा सायकली दुरुस्त करतो. तो चाकातला बाक काढत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अजून व्हायचीय ना? ती म्हणाली, तेच ते.

तयारी सहा आठवडे आधी सुरू झाली. पत्र्याच्या चार मोठ्या पेट्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. पायाला बांधायच्या पट्ट्या धुतल्या, वाळवल्या, गुंडाळल्या, आणि गुंडाळी सैल वाटली की उकलून पुन्हा गुंडाळल्या. लगामाची प्रत्येक शिवण नखाने ओढून पाहिली. परक्या नळाचं पाणी सासूबाई तोंडात धरत नाही, म्हणून हिने घरच्याच बादलीत रोज थोडा सफरचंदाचा रस घालायला सुरुवात केली. सहा आठवड्यांत ती चव घोडीच्या जिभेवर बसली, की मग कुठल्याही नळाचं पाणी तिला घरचंच. हे कुठल्या कोर्सात नाही. पुतण्याने विचारलं, ही बाटली कशाला? ती म्हणाली, “सासूबाईंना चकवायला. लग्न झालं की तुम्हालाही कळेल.”

शोच्या मैदानावर चारशे घोडे होते. कॅनव्हासचे लांबच लांब मांडव, मधे मातीच्या गल्ल्या, प्रत्येक ठाणाला नंबर. ठाणांमधे घोड्यांना रबराच्या गाद्या. मोतद्दारांना मात्र साठ जणांत मिळून एक नळ आणि संडास पार फाटकापाशी. पहिल्याच सकाळी ही आयोजकांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. भांडली नाही. नुसतं म्हणाली, रोज सकाळी आम्ही साठ जण फाटकाकडे चालत जाऊन येणार, तेवढा वेळ तुमच्या चारशे घोड्यांपाशी कोण थांबणार ते सांगा. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला दुसरा नळ लागला आणि चौथ्या दिवशी संडास. मांडवातली निम्मी माणसं तेव्हापासून हिला ओळखायला लागली.

पहिला आठवडा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मालकीणबाईंची मुलगी, सगळ्यांची ताई, सासूबाईवर बसायची. दोन फेऱ्या, दोन्हींत एकही दांडा पडला नाही. ही गल्लीतून चालायची ती अशी, की मांडव हिच्या वडिलांनी ठोकलाय.

आणि दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी माती खाल्ली.

उडी मारून आलेल्या घोड्याच्या पायांना बर्फाच्या पिशव्या बांधतात. त्या सकाळी हिच्या शेजारच्या ठाणातल्या घोड्याला चार पिशव्या बांधायच्या होत्या. हिने बादलीतला बर्फ मुठीमुठीने भरला, बांधला, आणि तशीच सासूबाईच्या ठाणात शिरून उलटा हात पायावरून फिरवला. उजवा मागचा पाय तापलेला. डावा पाहिला, तोही तापलेला. पुढचे दोन्ही तसेच. इथे तिने थांबायला हवं होतं. चारही पाय एकदम तापत नसतात, हे तिने स्वतः डझनभर नवख्यांना शिकवलं होतं. पण अठरा वर्षं ज्या हाताने दगा दिला नाही, त्या हाताला उलट प्रश्न कोण विचारणार? तिने ताईला सांगितलं, ताईने आईला, आणि तासाभरात घोडीचं नाव त्या दिवसाच्या फेरीतून काढलं गेलं.

मग डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिले, दाबले, घोडी गल्लीतून दुडकीवर पळवून घेतली. घोडी ठणठणीत. पुतण्याने पिस्तूल रोखून चार आकडे मोठ्याने वाचले, चारही सारखे. डॉक्टरांनी हिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, बाई, तापलेलं काही नाही, तुमचीच बोटं बर्फ झालीत.

फेरी तोवर सुरू झाली होती. काढलेलं नाव परत घालता येत नव्हतं.

दुपारपर्यंत अख्ख्या मांडवाला कळलं. पुतण्याने नाव ठेवलं, थर्मामीटर. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकतात, आमच्या बाईंनी बर्फच फुंकला, हेही त्याचंच. लोक हसले. दुसऱ्या नळाचं पाणी पिणारेही हसले. माणसांचं असंच असतं. ही संध्याकाळी मालकीणबाईंच्या तंबूत स्वतःहून गेली. सबब सांगितली नाही. चूक माझी, एवढंच म्हणाली. मालकीणबाई म्हणाल्या, ती झाली एक. दुसरी झाली तर मला विचार करावा लागणार नाही.

त्या दिवसापासून हिने एक नेम धरला. कुठल्याही घोड्याच्या पायाला हात लावण्याआधी दोन्ही हात काखेत घालायचे आणि शंभर आकडे मोजायचे. गल्लीच्या मधोमध, सगळ्यांसमोर. समोरचा एक मोतद्दार म्हणाला, काखेत कळसा नि गावाला वळसा. ती म्हणाली, बेचाळीस, त्रेचाळीस, आणि तुझ्या घोड्याचं दावं सुटलंय, चव्वेचाळीस.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सासूबाईचे नाल बदलले. नालबंद हिचा सख्खा दीर. वीस वर्षं त्या शोत नाल ठोकतोय. त्याच्या हातचा खिळा चुकला असं कोणी म्हटलेलं नाही, आणि ही गोष्ट तो न विचारताही सांगतो. बुधवारी घोडी बरी होती. गुरुवारी सकाळी हिने शंभर मोजले आणि हात फिरवला. पाय गार. खुरावर हात ठेवला आणि थांबली. डावा पुढचा खूर बाकीच्या तीन खुरांपेक्षा उबदार होता. तिने पुन्हा हात काखेत घातले, पुन्हा शंभर. मग गुडघ्यावर बसून गाल खुराला लावला. मग दुसऱ्याला. मग पुन्हा पहिल्याला.

शुक्रवारची फेरी ही रविवारची चाळणी होती. वीस घोडे पुढे जाणार. आणि घोडी चालत होती अगदी नीट.

तिने मालकीणबाईंना बोलावलं. पुतण्या न बोलावता आला. पिस्तूल रोखलं गुडघ्याखाली, डावा, उजवा. आकडा सारखा. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला चुकीच्या जागी विचारलं होतं. ती म्हणाली, पाय नाही, खूर बघा. तो म्हणाला, खुराला तेल लावलंय, त्यावर हे मशीन नीट चालत नाही, आणि आता काय काकू, आज उन्हावर ढकलणार का?

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “गेल्या आठवड्यातही तुला खात्री होती.”

“होती. गेल्या आठवड्यात माझे हात गार होते. आज घोडीचा खूर गरम आहे. तेव्हाची चूक मी सांगितली, आताचं खरंही मीच सांगतेय. उद्या ती अशीच उडाली तर परवा तीन पायांवर उभी राहील. मग पागा कोणालाही द्या, घोडी नसेल.”

मालकीणबाई म्हणाल्या, काय करायचंय ते दुपारच्या आत कर.

करायचं काय, ते हिला ठाऊक होतं आणि तेच अवघड होतं. दीर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका पांढऱ्या घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता, भोवती चार पागांची माणसं. तिने त्याला बाजूला नेऊन सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. कानस पेटीत आपटली. वहिनी, चार लोकांत माझा खिळा काढायला सांगता? घरच्या माणसाने असं करायचं? उद्यापासून मला इथे कोण बोलावेल?

“भावोजी, घरची आहे म्हणून आधी तुमच्याकडे आले. आज खिळा तुम्ही काढलात तर लोक म्हणतील, नालबंदाने वेळेत ओळखलं. रविवारी डॉक्टरने काढला तर काय म्हणतील ते माझ्याकडून ऐकू नका.”

तो उठला. हातोडी घेतली आणि तिच्या पुढे चालू लागला. सासूबाईचा डावा खूर मांडीवर घेतला आणि बाहेरून एकेका खिळ्याच्या टोकावर हलकेच ठोकू लागला. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. पुतण्या घड्याळ बघत होता. तिसऱ्यावर टक् झालं आणि घोडीने पाय असा हिसकला की नालबंद मातीत बसला.

तो तिथूनच म्हणाला, “मान्य, वहिनी.”

खिळा आत शिरला नव्हता, पण नाजूक भागाला टेकून बसला होता. दिवसागणिक दाबत गेला असता. त्याने तो उपटला, नाल काढला. हिने कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवला, पोटीस बांधलं, वर पट्टी. दर दोन तासांनी उकलायचं, शंभर मोजायचे, हात लावायचा. शुक्रवारी उजाडताना चारही खूर सारखे गार. डॉक्टरांनी घोडी दुडकीवर पळवली आणि हो म्हटलं. दिराने तिसऱ्या भोकात खिळा न घालता नाल पुन्हा बसवला, आणि हे चार पागांच्या माणसांना स्वतः समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, आमच्या वहिनींच्या हातापुढे तुमची मशिनं झक मारतात. घरच्या भांड्याला घरचंच झाकण.

ताईने फेरी जपून मारली. घोडी अठरावी आली. वीसांत अठरा म्हणजे रविवार.

रविवारी ती सहावी आली. कप पहिल्या तिघांना होते, त्यामुळे फोटोत आमच्यातलं कोणी नाही. घोडी मात्र मैदानातून बाहेर आली ती नाक मुरडत, हिच्या खांद्यावर लाळ पुसली आणि सफरचंदाचं पाणी बादलीभर प्यायली.

पागेत परत आल्यावर ट्रकची फळी खाली पडली. सासूबाई एक, दोन, तीन, चार अशी उतरली. मालकीणबाईंनी ते पाहिलं, पर्समधून चंदीच्या कोठीची किल्ली काढली आणि हिच्या हातात दिली. भाषण केलं नाही. हिनेही आभार मानले नाहीत. ज्याची वस्तू त्याला मिळाली तर आभार कसले?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मोतद्दार ठाणांसमोर रांगेत उभे होते, पुतण्यासुद्धा. तोही आता हिच्या हाताखाली, कारण मालकीणबाईंचा हुकूम होता की कोर्स झालाय, आता शिक. तिने पिस्तूल त्याच्याकडेच ठेवू दिलं. म्हणाली, राहू दे, पण खूर पुसून रोखायचं, आणि आधी हात. मग सगळ्यांना हात काखेत घालायला लावले.

साठच्या आसपास पुतण्याने हात बाहेर काढला.

“शंभर,” थर्मामीटर म्हणाली. “आणि चुकलास म्हणून पुन्हा एकपासून.”