पाच सेकंदांची सवड

तानाजी अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या बाजारात गुळाची ढेप निवडत होतो. ढेप तिथंच टाकली, मिरजेचं हॉस्पिटल गाठलं... पण तोवर तो गेला होता. त्याला आता दीड महिना झाला.

औंधकडचा हा गडी फौजेतून निवृत्त होऊन माझ्या शेजारी राहायला आला. मी टायपिंगचा मास्तर, म्हणून कॉम्प्युटर शिकायला मलाच धरलं. पण उजवा हात थरथरायचा, माउस काही केल्या ठरेना. "मास्तर, ह्यो लय पळतोय. आपण हुकूम लिहूनच काम करू." आणि पठ्ठ्यानं कुठून कुठून वाचून काळ्या खिडकीत टाइप करायची एक ओळ जमवली! एंटर दाबलं की पाच सेकंदांनी सगळ्या पडद्याचं चित्र निघायचं आणि मेलनं मुलाला जायचं.

मुलगा सुनील सीमेवर. तिथं व्हिडिओ कॉल चालत नसे. म्हणून दर रविवारी तानाजी पडद्यावर एका कोपऱ्यात कृष्णेच्या पाण्याची पातळी, दुसऱ्यात पेपर, मधे कॅमेऱ्यात स्वतः, असा सगळा संसार मांडायचा. "फोटूत नुसतं तोंड येतं. ह्यात घर येतं."

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता, की हे पाच सेकंद कशाला? विचारलं तर म्हणे, "हसायला टाइम लागतो, गड्या." एका रविवारी मी मागं उभा राहून पाहिलं. एंटर दाबताच त्यानं उजवा हात मांडीखाली कोंबला, त्यावर बसला आणि मग हसला. मी पाहिलं हे त्याला कळलं. "सुन्याला सांगशील तर तुझं तोंड बघणार न्हाई. रजा टाकून पळत येईल त्यो." मला राग आला, तरी शब्द दिला.

दिवसकार्य उरकल्यावर सुनीलनं मला त्याच कॉम्प्युटरसमोर बसवलं. "काका, आबांचा हात कवापासनं थरथरत हुता?" मी कीबोर्डवरची धूळ पुसू लागलो. त्यानं मोबाइलवर एक जुनं चित्र दाखवलं. ओळ नव्यानं लिहिताना तानाजी ते पाच सेकंद टाकायला विसरला असणार. चित्रात हात तसाच होता, हलून पुसट झालेला.

"दोन वर्सं झाली ह्याला."

"मग बापाला विचारलं का नाहीस रे?" मी ओरडलोच.

"एवढं जपून लपवत हुते, कसं विचारू? बघायला मातुर येत हुतो. दोनदा दाढ काढायची म्हणून रजा घेतली. गालात कापूस धरून आबांसमोर बसायचो."

आणि माझ्यासमोर त्यानं आ वासला. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते.