कोरडा फिल्टर

आमचा तोक्तोसून बंद पडलेल्या गाड्या सुरू करतो आणि त्याच्या नावाचा अर्थ मात्र आमच्या भाषेत 'थांबू दे' असा आहे. यावर नदीकाठी इतके विनोद झालेत की आता कुणी हसतही नाही. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं, हा तरी थांबू दे. तो थांबला. बाकीचे गेले. आईबाप, मग बायको, मग एकुलती एक लेक नाझिक, लग्न होऊन नदीपलीकडच्या गावात. आता तो, त्याचं गॅरेज आणि नदीचा आवाज.

नदीवर पूल नाही. दुपारनंतर डोंगरात बर्फ वितळलं की पाणी चढतं, आणि घाईची माणसं नेमकी तेव्हाच गाडी घालतात. मधोमध इंजिन बंद पडतं. मग मी शिव्या घालत ट्रॅक्टरने ओढायचं आणि तोक्तोसूनच्या अंगणात नेऊन सोडायचं. तिथे त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "किल्लीला हात लावशील तर बघ!" इंजिनाच्या पोटात पाणी असताना किल्ली मारली की पिस्टनचा रॉड वाकतो, मग बसा बोंबलत. तो आधी हवेचा फिल्टर काढतो. तो ओला असेल तर पाणी आत गेलं समजायचं. मग प्लग काढून इंजिन हाताने फिरवतो आणि भोकांतून पिचकाऱ्या उडतात. ऑइल दुधाळ झालंय का बघतो. शेवटी वाळुंजाच्या झाडाची सरळ काडी एकेका भोकात सोडतो. पिस्टनबरोबर ती सगळीकडे सारखी वर आली तर ठीक, जिथे कमी येते तिथला रॉड वाकलेला.

हे सगळं त्याला चहा निवायच्या आत कळतं. पण सांगेल तर शपथ! "ऑइलचा रंग मला बरा दिसत नाही. आज राहा, सकाळी बघू," असं तोंड पाडून म्हणतो. माणूस बिचारा राहतो. मग तोक्तोसून बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगरे तुकडे, तळतो, साय काढतो आणि बोलत सुटतो. एका मेंढ्यांच्या डॉक्टरला त्याने असा अडकवला की जाताना त्याला तोक्तोसूनच्या बायकोचं आजारपण तोंडपाठ झालं होतं.

"लबाडा, गाडी धडधाकट होती त्याची," मी म्हटलं.

"तुला काय जातंय बोलायला? तुझ्या घरी बोलायला माणसं आहेत."

मी ट्रॅक्टर काढला आणि घरी गेलो.

यंदा उन्हाळा संपता संपता कळलं की जावई कुबान मॉस्कोला कामाला निघालाय आणि नाझिकही सोबत जातेय. परत कधी येणार हे कुणीच सांगेना.

"जाताना इथूनच जातील," तोक्तोसून मला म्हणाला. "मी तिला जराही अडवणार नाही. परक्यांना अडवतो ते वेगळं. पोरीच्या वाटेत आडवा पडणारा बाप व्हायचं नाही मला." त्याने पहाटेच रोटी भाजून ठेवली. जाणाऱ्याने एक घास चावायचा आणि उरलेली रोटी तो परतेपर्यंत भिंतीला टांगायची, ही आमची रीत.

गाडी नाझिकच चालवत होती. या नदीच्या तळाचा दगड न् दगड ठाऊक असलेली पोर. पाणी दारापर्यंत आलं आणि ऐन मधोमध गाडी बंद पडली. मी ट्रॅक्टर घातला.

अंगणात उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "पाणी गेलं वाटतं आत. बाबा, नीट बघा हं. लागू दे वेळ."

"वेळ कुठला लागू दे?" कुबान वैतागला. "उद्याचं विमान आहे!"

तोक्तोसूनने फिल्टर काढला, बोटांनी चाचपला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"कोरडा! थेंबसुद्धा नाही आत! ही पाण्याने बंदच पडलेली नाही, किल्लीने बंद झालीय. मार किल्ली आणि निघा!"

कुबानने बायकोकडे पाहिलं. "तू बंद केलीस?"

"हात लागला असेल चुकून," ती म्हणाली. नजर मात्र बापावर होती. "ऑइल बघितलंत, बाबा?"

"कशाला बघायचं?"

"काडी तरी टाकून बघा."

"अगं, काडी धरायला लहानपणी तूच बसायचीस ना? एवढं कळत नाही? काही झालेलं नाही!"

मी मागून खाकरलो, पुन्हा खाकरलो. त्याच्या पाठीत बूट घालावासा वाटला मला. पण गडी आपण पोरीला अडवत नाही या आनंदातच गुंग होता.

तिने रोटीचा घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मग किल्ली मारली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात हलवत उभा राहिला.

रोटी टांगायला खिळा शोधता शोधता त्याचा हात थांबला.

"एक सांग. या नदीत वाढलेली पोर. ऐन पाण्यात तिचा हात किल्लीला चुकून लागेल?"

"नाही," मी म्हटलं. आता खोटं तरी कशाला बोलायचं?

तो रोटी हातात घेऊन पायरीवर बसला. म्हणाला, "बिघाड घेऊन आली होती रे माझ्याकडे. आणि मी म्हणालो, काही झालेलं नाही."