मोत्याच्या गळ्यातलं पितळ

आज आईचा पितळी डबा चिंच लावून घासायला घेतला आणि त्या आंबट वासासरशी मोत्या आठवला.

मोत्या आमच्या चऱ्होलीच्या घरचा कुत्रा. बैलगाड्या चाकणच्या बाजाराला निघाल्या की हा त्यांच्यामागे धावायचा. त्या काळी बिनपट्ट्याचं कुत्रं दिसलं की पिसाळलेलं समजून लोक काठ्या घालत. म्हणून आईनं एक दिवस याच डब्याचं झाकण तांबटाकडे नेलं, त्यावर कोरलेली नावाची पट्टी कापून घेतली आणि मोत्याच्या गळ्यात बांधली. पट्टीवर आईचं नाव होतं: 'चि. सौ. हौसाबाई, चऱ्होली, हिस आईकडून भेट.'

तरीही मोत्या हरवलाच. आईला घास गिळवेना. मग एका सकाळी चाकणकडचा एक शेतकरी त्याला दोरीनं धरून दारात उभा राहिला.

"राखणीला लई चांगलं हाय, ठिवूनच घेनार व्हतो," तो म्हणाला. "पर लेकीनं वाचून दावलं. आईनं दिल्यालं जनावर कसं ठिवून घ्यावं, बाई?"

मला हसू फुटलं. आजी तर मोत्या जन्मायच्या आधीच गेली होती. आई मात्र डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "व्हय दादा, आईनंच धाडलाय माघारी." आणि तिनं त्याला भाकरी वाढली.

तेव्हा वाटलं, आई काय सफाईनं थाप मारते! आज डब्याच्या उघड्या काठावरून बोटं फिरवताना कळतं, थाप नव्हती ती. आजीची तेवढीच एक वस्तू आईपाशी होती. नवं झाकण तिनं कधीच करून घेतलं नाही.