कुलूप नसलेलं रजिस्टर

माझं रजिस्टर अजून वाशीममधल्या एका दुकानाच्या कपाटात आहे. दुकान शेतीच्या अवजारांचं. पेरणी यंत्रं, मळणी यंत्रं, फवारणीचे पंप. तिथे मी अकरा वर्षं फिटर होतो. यंत्र उघडायचं, बिघाड शोधायचा आणि हात पुसून रजिस्टरमध्ये लिहायचं: यंत्र कोणतं, काय होत होतं, काय केलं. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळा दहावीतच सुटली होती. आपण काहीतरी शिकलो हे कुठेतरी कागदावर दिसावं, असं वाटायचं.

नोकरी सोडली त्या दिवशी मी रजिस्टर पिशवीत घातलं. मालकाने काउंटरवरून हात पुढे केला.

"ते राहू दे. माह्या दुकानात, माह्या टायमात लिहिलं. दुकानाचं हाये ते."

तोंडाला येईल ते मी बोललो. रजिस्टर मात्र मिळालं नाही. पुढे कळलं की नव्या फिटरांना त्यातूनच शिकवतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, ही आमच्या दुकानाची पद्धत. या गोष्टीचा राग मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही.

मी शेलूबाजारला हायवेलगत स्वतःचं दुकान टाकलं. दुरुस्ती आणि सुटे भाग. कोणाच्या ओळखीवर नाही, हाताच्या कामावर चाललं. तीन-चार वर्षांत दुकानाची वेबसाइटही केली. ती बनवणारे भाई मंगरूळपीरचे. लग्नपत्रिका छापता छापता वेबसाइटी करायला शिकलेले. साइटवर दुकानाचा पत्ता, फोन नंबर, सुट्या भागांचे फोटो. एवढंच.

पेरणीच्या दिवसांत फोन थांबत नसे. एका बाजूने बी कमी पडतंय, चेन उतरतेय, खत अडकतंय. तीच उत्तरं देऊन घसा बसायचा. एक दिवस मी भाईंच्या छापखान्यात गेलो आणि म्हणालो, ही उत्तरं साइटवर टाका.

"मंग विकीच लावा ना," भाई म्हणाले.

"ते काय असते?"

"वेबसाइट म्हणजे तुमचं दुकान. पाटी तुमची, बोलणं तुमचं. विकी म्हणजे दुकानासमोरचा ओटा. जो बसला तो बोलते. पान तुमी लिहा, चुकलं तं दुसरा येऊन दुरुस्त करन."

"माह्या साइटवर दुसऱ्यानं कायले लिहायचं?"

"तुमाले सगळं येते काय?"

"येते."

"मंग नका लावू," म्हणून ते पुन्हा पत्रिकेचा मजकूर तपासू लागले.

मला अशी उत्तरं सहन होत नाहीत. पण मी उठलो नाही, कारण त्यांनी पुढे जे दाखवलं ते आयुष्यात कोणी मला दाखवलं नव्हतं. विकीच्या प्रत्येक पानामागे त्याचा इतिहास असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला, ते सगळं नावासकट राहतं. पुसलेलंही आत शिल्लक असतं, एका क्लिकने परत येतं. मी तीनदा विचारलं, साइटच्या मालकाच्या मनात आलं तरी दुसऱ्याचं नाव काढून आपलं लावता येत नाही ना? भाई म्हणाले, नेहमीच्या रीतीने तरी नाही.

मी म्हणालो, लावा.

सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटल्यावर मी सावध झालो. भाई हसले. "सॉफ्टवेअर फुकट हाये भाऊ. माह्यं डोकं फुकट नाही." मग मी अटी घातल्या. विकी माझ्याच नावाच्या साइटवर राहील, त्यांच्या नाही. मुख्य पासवर्ड माझ्याकडे. दर आठवड्याला सगळ्या मजकुराची प्रत माझ्या पेनड्राइव्हवर. प्रत्येक अट मी कागदावर लिहून घेतली. भाई म्हणाले, "लग्नाच्या याद्या बी इतक्या कडक नाही होत." मी म्हणालो, माझं एकदा गेलं आहे.

दोन दुपारी लागल्या. साइट ज्या जागेवर आहे तिथेच वेगळं फोल्डर, वेगळा डेटाबेस, आणि दुकानाच्या पानावर फोटोंशेजारी एक नवीन शब्द: दुरुस्ती विकी. सुरुवातीला कोणालाही लिहिता येत होतं. पाच दिवसांत केस वाढवायच्या औषधांच्या परदेशी जाहिरातींनी पानं भरली. मग भाईंनी ठेवलं तसं: वाचायला सगळ्यांना मोकळं, लिहायचं तर आधी खातं उघडा.

पहिलं पान मी लिहिलं: 'पेरणी यंत्रात एका बाजूने बी कमी पडणे'. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजतं, ते कसं ओळखायचं, सगळं. चेनचं वेगळं पान केलं, म्हणजे जिथे चेनचा विषय येईल तिथे त्या पानाची लिंक द्यायची, पुन्हा लिहायला नको. चार दिवसांनी पाहतो तर माझा सगळा मजकूर गायब, आणि त्या जागी दुसऱ्याच कोणाच्या आठ ओळी.

माझं डोकं फिरलं. वाटलं, वाशीमवाल्याचंच काम. इतिहास उघडला तर नाव इंझोरीच्या एका ट्रॅक्टरवाल्याचं. माझं जुनं गिऱ्हाईक. लगेच फोन लावला.

"माह्यं काहून पुसलं?"

"फळ्यावर लिहायचं तं पयले पुसाच लागते ना भाऊ."

"कोन्या फळ्यावर?"

"आता विहारापुढं नाही काय आपल्या. नवी सूचना लिहायची तं जुनी पुसतो. तुमची म्या वाचली होती, मंग पुसली. न वाचता नाही पुसली."

शिवी ओठावर आली होती, ती तिथेच राहिली. आमच्या वस्तीतल्या विहारापुढच्या फळ्यावर मीही कित्येकदा असाच हात फिरवला आहे. अर्धवट पुसून लिहिलं तर वडीलधारे रागावत.

मग त्याच्या आठ ओळी नीट वाचल्या. बियाण्याला औषध चोळल्यावर ते सावलीत पुरतं सुकू दिलं नाही, तर ओलं बी खाली सोडणाऱ्या रोलरला चिकटतं आणि पेटीच्या एका कोपऱ्यात गोळा होतं. आधी ते पाहा, मग शाफ्ट खोला. बरोबर होतं. त्याचं यंत्र मी दोनदा खोललं होतं आणि दोन्ही वेळा मला हे दिसलं नव्हतं. माझा मजकूर इतिहासातून परत आणला, त्याच्या ओळी वर ठेवल्या, माझं बुश खाली. 'आधी पुसू नका, खाली लिहा' अशी ओळ प्रत्येक पानावर टाकली. हे करताना मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही.

पोळ्यापर्यंत चाळीसेक पानं झाली. अनसिंगहून लिहिणारे निघाले, कारंज्याहून निघाले. मग एका दुपारी वाशीमचा मालक माझ्या दुकानात आला. खुर्चीवर बसला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं.

"तुह्यं रजिस्टर," तो म्हणाला. "घेऊन टाक."

मी उघडलं. माझं अक्षर, माझ्या बोटांचे ऑइलचे ठसे.

"आन् बदल्यात?"

"तुह्यी विकी वाचू दे सगळ्याइले. लिहायचं फक्त आपन दोघं. वर दोन्ही दुकानाची नावं."

लिहिणं ठरावीक खात्यांपुरतंच ठेवायचं बटण भाईंनी मला दाखवलेलं होतं. एका खुणेचं काम. मी भाव करणारा माणूस आहे. समोर आलेला माल सोडून देणं मला जमत नाही. मी विचारलं, "ज्याइनं आतापर्यंत लिहिलं, त्याइचं काय?"

"त्याइचं काय? तुह्या साइटवर लिहिलं ना? तं तुह्यं झालं."

हे तो अगदी सहज बोलला. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी रजिस्टर वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

"नाही जमत."

"तुले पायजे नाही काय?"

"पायजे. ह्या भावात नाही."

"येडा हायेस तू."

"असन."

तो बराच वेळ बसला. मी भाव कमी करीन असं त्याला वाटत होतं. मी समोरच्या पंपाचा वॉशर बदलू लागलो. शेवटी तो रजिस्टर काखेत घालून निघून गेला.

त्यात बरंच होतं जे आज मला आठवत नाही. जुन्या मळणी यंत्रावर तूर काढायची तर पुली केवढी बसवायची, म्हणजे दाणा फुटत नाही, हे मी कधीकाळी मोजून लिहिलं होतं. आकडा डोक्यातून गेला. संध्याकाळी दुकान आवरण्याआधी विकीवर त्या पुलीचं नवं पान उघडलं. मथळा लिहिला. खाली लिहिलं, 'मला आठवत नाही. ज्याला माहीत असेल त्याने लिहावं.' माझ्या नावाने. सेव्ह करायला मला एक कप चहा संपेपर्यंत वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी कारंज्याच्या एका माणसाने माप लिहिलं. ते चूक आहे, एवढं मला नक्की आठवतं. विकीच्या प्रत्येक पानाला जोडून वाद घालायला एक चर्चेचं पान असतं, तिथे मी त्याला तसं सांगितलं. त्याने लिहिलं, मग तुम्ही सांगा. मी लिहिलं, तुमच्या यंत्राचा फोटो टाका. आमचं अजून जुंपलेलं आहे. तूर निघायला वेळ आहे. तोवर तो हरेल, नाहीतर मी.