फिटरसाहेबांची ट्रॅक्टर-खरेदी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला हा निवृत्त फिटर मशीनशी अहोजाहो बोलतो आणि माणसांशी अरेतुरे. गावच्या आंबाबागेसाठी मला छोटा ट्रॅक्टर घ्यायचा होता, म्हणून त्याला सोबत नेलं. डीलर हॉर्सपॉवर समजावत होता. हा मात्र सरळ मागच्या वर्कशॉपमध्ये घुसला आणि बिघडलेल्या ट्रॅक्टरपाशी ताटकळलेल्या गिऱ्हाईकाला म्हणाला, “किती दिवस झाले रे?”

“तिसरा आठवडा. पार्ट येतोय म्हणतात.”

बाहेर येऊन त्याने डीलरची कोल्ड कॉफी शांतपणे संपवली. “कॉफी झकास. चल.”

दुसऱ्या दुकानाचा तेलकट हातांचा मालक मला म्हणाला, “कलमांच्या फांद्या खाली असतील तर हा नको, याहून लहान घ्या.”

फिटर माझ्या कानात पुटपुटला, “माणूस बरा आहे.” मी तिथेच बुकिंग केलं. एवढं तर तो स्वतःच्या जावयाबद्दलही कधी बोललेला नाही.