चार बोटं अंतर

आख्ख्या भिवंडीत माणसांपेक्षा हातातल्या कॉम्प्युटरवर जास्त जीव असलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा मामा. वडप्याच्या गोडाऊनांमधल्या बारकोडच्या मशीन तो दुरुस्त करायचा आणि त्याचं सगळं त्या पामटॉपमध्ये, नंबर, ईमेल, प्रत्येक मशीनची सेटिंग, सगळंच. कोणी "मोबाईल भारी आहे" म्हटलं की चिडायचा, "मोबाईल न्हाय, कॉम्प्युटर हाय." काडीने स्क्रीनवर लिहून लिहून त्याचं अक्षर असं झालेलं की सामानाची चिठ्ठी बघून दुकानवाला मामीला म्हणाला, "भाभी, ये तो उर्दू भी नहीं है."

तारेशिवाय, न दिसणाऱ्या किरणांनी, समोरच्या दुसऱ्या पामटॉपला माहिती पाठवता यायची, पण धामणकर नाक्यापर्यंत दुसरा कोणाकडे नव्हताच. मग त्याने एक जुना आणून मलाच दिला. रोज जेवणाआधी आम्ही समोरासमोर. "चार बोटं अंतर ठेव. हलू नको गं. श्वास पण हळू घे." आणि पाठवायचा काय, तर स्वतःचाच फोन नंबर. रोज.

नारपोलीत घराच्या दोन्ही बाजूंना लूम, कापसाचा भुगा उडतच असतो, म्हणून पामटॉपला प्लॅस्टिक गुंडाळून वर रबरबँड. एकदा रबर इतकं घट्ट बसलं की चालूचं बटण सकाळपासून दाबलेलंच. कॉलेजला सुट्टी म्हणून मी त्याच्यासोबत वडप्याला गेलेले. तिथे मशीन बंद, ट्रकची लाईन लागलेली, आणि मॅनेजर म्हणतोय, "आज चालू नाही झालं तर उद्यापासून येऊ नका." मामाने प्लॅस्टिक काढलं तर बॅटरी संपत आलेली, चार्जर घरी. आणि ती पूर्ण संपली की आतलं सगळं पुसलं जायचं.

माझा पामटॉप पर्समध्ये होता. पण उन्हात ते किरण पोचत नाहीत, म्हणून आम्ही एका रिकाम्या ट्रकच्या ताडपत्रीखाली घुसलो. "आधी मशीनची सेटिंग," मामा पुटपुटला. अंतर हलू नये म्हणून मी त्याचं मनगटच धरलं. अर्धं गेलं असेल, तेवढ्यात ड्रायव्हरने ताडपत्री उचलली. "अंदर पूजा चल रही है क्या?" ऊन आत आलं, सगळं थांबलं. "गिरा दे भाई, गिरा दे," मामा जवळजवळ रडतच म्हणाला. पुन्हा पहिल्यापासून. चार बोटं. मी श्वासच घेतला नाही. माझा टिंग वाजला आणि त्याची स्क्रीन काळी झाली.

माझ्या पामटॉपवरून सेटिंग टाकली, मशीन चालू झाली, ट्रक हलले, मामाचं काम वाचलं. घरी चार्जिंगला लावल्यावर पामटॉप उठला आणि त्याने मामालाच नाव विचारलं. मामा म्हणाला, "मला वळखत न्हाय गं." इतक्या वर्षांची माणसं, ईमेल, सगळं गेलेलं. माझ्याकडे मशीनच्या सेटिंगशिवाय त्याचं एकच होतं, रोज पाठवलेला त्याचा नंबर. मी समोर बसले, चार बोटं मोजली आणि तो परत पाठवला.

आता मामाकडे पण मोबाईल आहे, पाठवलेलं कुठूनही कुठेही जातं, समोर बसावं लागत नाही. दोन्ही पामटॉप बंद पडून शोकेसमध्ये आहेत, तोंडाला तोंड करून. मामी पुसायला गेली की तो आतून ओरडतो, "अंतर हलवू नको."