नदीकाठी भिजत घातलेले तांदूळ

महाबळेश्वर परवडत नाही हे घरी कबूल करण्याऐवजी मी तंबू विकत घेतला. महायुद्धानंतर कल्याणच्या बाजारात लष्कराचं जुनं सामान विकायला आलेलं, त्यातलाच हा. एका कोपऱ्यात जळाल्याचं भोक होतं. त्यातून चांदणं दिसेल, असं मी सांगितलं. "डासांनाही आपण दिसू," बायको म्हणाली.

टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीकाठी जंगलखात्याची मुक्कामाची जागा आहे आणि अर्ज केला की फुकट राहता येतं, ही बातमी मला कचेरीत कळलेली. दसरा होऊन गेला होता, दिवाळी दहा-बारा दिवसांवर. बायको, दोन मुली आणि मी ठाण्याहून निघालो. जागा म्हणजे सागाच्या झाडांखाली झाडलेली जमीन, दगडांच्या दोन चुली आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकून हिंडणारा एक राखणदार.

आंघोळीशिवाय बायको चुलीला हात लावत नसे, आणि नदीच्या गार पाण्याने मुलींना पडसं होईल म्हणे. म्हणून घरचा तांब्याचा बंब आगगाडीत आणि टिटवाळ्याहून बैलगाडीत चढला. शिवाय अनारशांचे तांदूळ आदल्या दिवशीच भिजत पडलेले. "दिवाळी तुमच्या तंबूसाठी थांबायची नाही," असं म्हणून तिने ते पातेलंही फडकं बांधून घेतलं. गुळाची अर्धी ढेप मात्र मी घेतली, वाटेत कल्याणला उतरून. स्वस्त होती.

राखणदार मला पहिल्यापासून आवडला नाही. त्याने बंबाभोवती दोन चकरा मारल्या, पातेल्याशी वाकून वास घेतला आणि विचारलं, "सायेब, अजून कोन येनार हाय?"

कोणी नाही म्हटल्यावर तो हसला. आम्ही एकटेच आहोत याची खात्री करून घेतोय, हे न कळायला मी काय खुळा होतो? तांब्यावर डोळा आहे याचा. तो पाठमोरा होताच मी बंबाला कांबळं गुंडाळून तंबूत ठेवला, पातेलं करवंदीच्या जाळीत सारलं आणि गूळ पाचोळ्याखाली पुरला. झाडाआडून तो सगळं पाहत होता. मला वाटलं, बघू दे, आपण सावध आहोत हे कळेल तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने बंब बाहेर काढून पेटवला. धूर वर चढला आणि राखणदार एका जमादाराला घेऊन आला. दारूबंदी लागून फार दिवस झाले नव्हते. नदीकाठी हातभट्ट्या धरल्या जात होत्या. राखणदाराने जाळीतून पातेलं काढलं, पाचोळ्यातून गूळ काढला आणि धुरकट बंबाशेजारी मांडून ठेवला. आंबूस वास सुटलाच होता. मीही क्षणभर स्वतःकडे संशयाने पाहिलं.

"लपवलं कशाला?" जमादाराने विचारलं.

"चोरी होईल म्हणून."

"इथे कोण चोरणार?"

चोरणारा माझ्या मते समोरच उभा होता, पण त्याच्या हातात कुऱ्हाड होती. जमादाराने माझं नाव, पत्ता आणि कचेरी एका कागदावर लिहून घेतली. मी सरकारी कारकून. दारूच्या खटल्यात नाव आलं की नोकरी गेलीच म्हणायची, आणि घर तेवढ्यावर चाललेलं.

तेवढ्यात बायको हात पुसत आली. "अहो जमादार, अनारशांचे तांदूळ आहेत ते. रोज पाणी बदलतेय मी. दारू गाळणारा ते पाणी ओतून देईल का?"

जमादाराने राखणदाराकडे पाहिलं. "नाय ओतायचा," राखणदार जरा जास्तच खात्रीने बोलला आणि मग पायाकडे बघू लागला.

"मग करून दाखवा," जमादार म्हणाला.

राखणदारालाच पाड्यावरून उखळ-मुसळ आणावं लागलं. बायकोने तांदूळ निथळून माझ्या धोतरावर सावलीत पसरले, कांडले, चाळले, गूळ मिसळून मळले. जमादार झाडाला टेकून बघत बसला.

"आता तळा."

"पाच दिवस मुरल्याशिवाय नाही," बायको म्हणाली. "तुमच्यासाठी मी दिवाळीचं वाटोळं करणार नाही."

त्याने दोन गोळे पळसाच्या पानात बांधले, कागद खिशात घातला आणि म्हणाला, "आमच्या आईला येतात करता. तिच्याकडून खात्री करतो."

ते पाच दिवस मी कचेरीत शिपायाची पावलं ऐकत काढले. साहेबांनी एकदा बोलावलं तेव्हा मी उभ्या उभ्या सगळं कबूल करणार होतो. त्यांना फक्त एक जुनी फाइल हवी होती.

सहाव्या दिवशी जमादार वर्दीतच ठाण्याला घरी आला. गॅलरीत सगळ्या बिऱ्हाडांची डोकी.

"आईने तळले. चांगली जाळी पडली," म्हणत त्याने तो कागद माझ्या हातात दिला. "आता माझ्याकडे काही नाही. फक्त ती म्हणाली, गूळ अंमळ जास्त झालाय."

"जास्तच झालाय," मी म्हणालो. त्या वेळी त्याने मीठ कमी म्हटलं असतं तरी मी होच म्हटलं असतं.

मागे बायको ताटली घेऊन उभी होती. आमचे अनारसे त्याच सकाळी तळलेले.

"जास्त झालाय का हो गूळ?" तिने जमादाराला विचारलं.

तो ताटलीकडे आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "नाही वहिनी. मी कुठे म्हणालो? साहेब म्हणाले."

आणि त्याने अनारसा उचलला. मी कागदाचे चार तुकडे केले, आणि वर बघावं लागू नये म्हणून मग आठ.